घरातील प्रारण (रेडिएशन) मोजताना नेमक्या कोणत्या आकड्याकडे लक्ष द्यावे?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे हे उत्तर नेमके कशाचे आहे ते स्पष्ट राहील. आपण सुमारे अडीच हजार रुपयांना चुंबकीय क्षेत्र, विद्युत क्षेत्र आणि रेडिओ लहरी अशी तिन्ही मापे दाखवणारा मीटर घेतला आणि एका संध्याकाळी घरभर फिरून नोंदी केल्या. मिक्सरला टेकवल्यावर ८५ मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्राचे एकक), इंडक्शन शेगडीजवळ ०.२ मायक्रोटेस्ला, वायफायच्या राऊटरजवळ लाल दिवा आणि शिट्टी, आणि सात वर्षांच्या मुलीच्या उशाजवळ, भिंतीपासून अर्ध्या मीटरवर, ०.९ मायक्रोटेस्ला, तेथून आणखी अर्धा मीटर मागे सरकल्यावर ०.५. खोलीतील सगळी बटणे बंद करूनही उशाजवळचा आकडा हलला नाही. मोबाइलमधील ॲप मात्र त्याच जागी ४६ मायक्रोटेस्ला दाखवते. राऊटर काढून टाकावा का, मिक्सर बदलावा का, इंडक्शन निर्धोक समजावी का, आणि मीटर व ॲप यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा, हे आपले प्रश्न आहेत.

घरे, कारखाने आणि दवाखाने यांतील अशी मोजणी मी गेली बावीस वर्षे करतो आहे. आपली यादी वाचताना मी थांबलो तो मिक्सरपाशी किंवा राऊटरपाशी नव्हे, तर उशाजवळच्या ०.९ पाशी. हा आकडा मिक्सरच्या आकड्यापुढे अगदी किरकोळ दिसतो. पण तो बटणे बंद करूनही टिकून राहतो, अंतर वाढवले तरी हळूहळूच उतरतो, आणि त्या जागी एक मूल रोज आठ-नऊ तास झोपते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की माझ्या अनुभवात बहुतेक वेळा घराच्या किंवा इमारतीच्या वायरिंगमध्ये दोष सापडतो, आणि तो दोष प्रारणापेक्षा विजेचा धक्का बसण्याच्या दृष्टीने अधिक गंभीर असतो. म्हणून या उत्तराचा मोठा भाग मी त्यालाच देत आहे.

आधी एका शब्दाबद्दल. मराठी वर्तमानपत्रांत ‘रेडिएशन’साठी सर्रास ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द येतो, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अणुभट्टी किंवा क्ष-किरण उभे राहतात. घरातील उपकरणांचे प्रारण त्या जातीचे नाही. राऊटर आणि मायक्रोवेव्ह ओव्हन ज्या २.४ ते २.५ गिगाहर्ट्झ वारंवारतेवर चालतात तिच्या एका ऊर्जाकणाची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन व्होल्टचा सुमारे एक लाखावा हिस्सा असते, तर अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला साधारण दहा इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. अंतर दहा लाख पटींचे आहे. यावरून ही क्षेत्रे कितीही तीव्र असली तरी चालतील असे ठरत नाही. रेडिओ लहरी पेशींना तापवतात आणि तीव्र चुंबकीय क्षेत्र शरीरात विद्युतप्रवाह निर्माण करते, म्हणून तर मर्यादा आखल्या आहेत. मात्र दोन्हींची भीती एकाच तराजूत तोलू नये.

मीटरवरील तीन बटणे तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. तारेतून प्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. आपल्याकडे ते सेकंदाला ५० वेळा आवर्तन करते. तारेत नुसता दाब असला, म्हणजे बटण बंद असून तार जिवंत असली, तरी विद्युत क्षेत्र असते. आणि अँटेनातून मुद्दाम सोडलेल्या लहरी ही तिसरी गोष्ट. यांतील एकीचा आकडा दुसरीच्या मर्यादेशी ताडून पाहण्याची चूक फार होते. एककांचाही घोळ असतो: १ मायक्रोटेस्ला म्हणजे १० मिलीगॉस, त्यामुळे पडद्यावर ‘९’ दिसले तर आधी खालचे अक्षर वाचावे.

मिक्सरचा विषय लवकर संपवतो. मिक्सर, केस वाळवण्याचा ड्रायर, व्हॅक्यूम क्लीनर यांच्या आत मोटरची गुंडाळी असते आणि तिच्या अगदी जवळ क्षेत्र प्रचंड असते, पण ते अंतराच्या घनाच्या प्रमाणात विरते. अंतर दुप्पट केले की आठवा हिस्सा उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या कोष्टकात ड्रायरचे क्षेत्र ३ सेंटीमीटरवर ६ ते २००० मायक्रोटेस्ला, ३० सेंटीमीटरवर ०.०१ ते ७ आणि १ मीटरवर जास्तीत जास्त ०.०३ असे आहे. एकाच प्रकारच्या उपकरणात इतका फरक आणि अंतरामुळे इतकी घट, हे पाहिल्यावर ‘मिक्सरला टेकवून ८५’ या नोंदीतून हाती काहीच लागत नाही हे लक्षात येईल. मिक्सर चालवताना आपले पोट आणि डोके जेथे असते तेथे मोजा, आणि चटणी वाटायला किती मिनिटे लागतात तेही शेजारी लिहा. मिक्सर बदलण्याचे काहीही कारण नाही.

आता उशाजवळचा आकडा. एका सरळ तारेतून १० अँपिअर प्रवाह जात असेल तर तिच्यापासून १ मीटरवर २ मायक्रोटेस्ला क्षेत्र असते. हे गणित साधे आहे, प्रवाहाला ०.२ ने गुणायचे आणि मीटरमधील अंतराने भागायचे. पण घरात तार एकटी नसते. फेजमधून जितका प्रवाह जातो तितकाच न्यूट्रलमधून परत येतो, आणि दोन्ही तारा एकाच पाइपातून शेजारी-शेजारी असल्याने त्यांची क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. दोन तारांत ५ मिलिमीटर अंतर धरले तर त्याच १० अँपिअरचे १ मीटरवरील क्षेत्र २ वरून ०.०१ मायक्रोटेस्लावर येते, म्हणजे दोनशेपट कमी होते. म्हणूनच नीट वायरिंग केलेल्या घरात, उपकरणांपासून दूर, माझा मीटर सहसा ०.०१ ते ०.१ च्या दरम्यान राहतो.

मग ०.९ कोठून येतो? आपण दोन अंतरांवर मोजलेत, आणि त्यातच उत्तराचा मोठा भाग आहे. अंतर अर्ध्या मीटरवरून एक मीटर झाल्यावर आकडा ०.९ वरून ०.५ झाला, म्हणजे जवळजवळ निम्मा. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा फ्रिज किंवा एखादी मोटर असती तर तो ०.१ च्या आसपास उतरला असता. शेजारी-शेजारी असलेल्या तारांची, प्रवाह वाहून नेणारी केबल असती तर ०.२ च्या थोडे वर उरला असता. निम्मा होणे हे एकट्या तारेचे लक्षण आहे, म्हणजे गेलेला प्रवाह त्याच वाटेने परत येत नाही. वरचे गणित उलटे केले तर हा न पुसला गेलेला प्रवाह सव्वादोन अँपिअरच्या आसपास निघतो. घरगुती मीटरच्या अचूकतेचा विचार करता हा आकडा दीड ते तीन यांच्या दरम्यान कोठेही असू शकेल, पण तो शून्य नाही हे नक्की.

पहिली कसोटी आपण स्वतः करू शकता. रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास, फ्रिज आणि वातानुकूलन यंत्र चालू असताना, उशाजवळ मीटर एका लाकडी स्टुलावर ठेवा. हातात धरू नका, कारण हात हलला की आकडा हलतो. घरातील एका व्यक्तीला मुख्य स्विच बंद करायला सांगा. आकडा शून्याजवळ आला तर दोष आपल्याच घरात आहे. तसाच राहिला तर तो बाहेरून येतो आहे: जिन्यालगतच्या उभ्या केबलमधून, खालच्या मजल्यावरील वायरिंगमधून किंवा भिंतीपलीकडच्या मीटरच्या पेटीतून. भिंत मध्ये आहे म्हणून सुटका होत नाही. विटा आणि काँक्रीट विद्युत क्षेत्राला बऱ्यापैकी अडवतात, पण ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला त्या जणू नसतातच. घरातील दोष असेल तर मुख्य स्विच चालू करून एकेक एमसीबी, म्हणजे एकेका सर्किटचा स्वयंचलित स्विच, पाडत जा, आणि कोणत्या एमसीबीला आकडा कोसळतो ते टिपून ठेवा.

दुसरी कसोटी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्याच्याकडे क्लॅम्प मीटर असतो, ज्याला आपल्याकडे टाँग टेस्टरही म्हणतात. एरवी तो चिमटा एका तारेभोवती लावतात. येथे फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा मिळून एकाच चिमट्यात घ्यायच्या. गेलेला आणि आलेला प्रवाह सारखा असेल तर क्लॅम्प शून्य दाखवतो. जे काही शिल्लक दिसेल तितका प्रवाह भलत्या वाटेने परत जातो आहे. पाच मिनिटांची ही तपासणी मी प्रत्येक घरात प्रारणाचा मीटर बाहेर काढण्याआधी करतो, आणि ती करायला सांगितल्यावर अनेक वायरमन थोडे गोंधळतात, कारण दोन तारा एकत्र धरण्याची त्यांना सवय नसते.

काही वर्षांपूर्वीचे एक घर मला आठवते. मुलांच्या खोलीत सगळीकडे १ मायक्रोटेस्लाच्या आसपास क्षेत्र होते आणि घरच्यांना समोरच्या गच्चीवरील मोबाइल मनोऱ्याचा संशय होता. दोन तारा एकत्र धरून पाहिल्यावर क्लॅम्पवर तीन अँपिअर दिसले. शोधत गेल्यावर स्वयंपाकघराच्या दुरुस्तीत बसवलेल्या एका सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये तारेचा तुकडा जोडलेला सापडला. त्या ठिकाणी अर्थिंगची तार पोहोचत नव्हती म्हणून कोणीतरी काढलेली ती पळवाट होती. त्यामुळे आरसीसीबी, म्हणजे प्रवाह भलत्या वाटेने जाऊ लागला की वीज तोडणारा स्विच, ज्याला अनेक घरांत अजून ईएलसीबी म्हणतात, वारंवार पडू लागला, आणि मग तोच वगळून तारा थेट जोडण्यात आल्या होत्या. घरातील न्यूट्रलचा काही प्रवाह पाण्याच्या लोखंडी पाइपांतून आणि गिझरच्या अर्थिंगमधून मुलांच्या भिंतीलगत परतत होता. उद्या ती न्यूट्रल मागे कोठे तुटली असती, तर वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट आले असते, आणि ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाला वाचवणारा आरसीसीबी तेथे नव्हता. तो तुकडा काढला, अर्थिंगची तार ओढली, आरसीसीबी पुन्हा बसवला, आणि खोलीतील क्षेत्र ०.०४ वर आले. मनोऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. आपल्या घरी हेच असेल असे मी म्हणत नाही. दोन वेगळ्या सर्किटच्या न्यूट्रल एकमेकींत मिसळल्या तरीही असाच परिणाम दिसतो. पण शोधाची दिशा हीच ठेवावी.

०.९ हा आकडा आरोग्याच्या दृष्टीने किती, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे आणि येथे दोन आकडे शेजारी ठेवावे लागतात. आयनीभवन न करणाऱ्या, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर न काढणाऱ्या, प्रारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची सामान्य जनतेसाठीची ५० हर्ट्झची मर्यादा १९९८ साली १०० मायक्रोटेस्ला होती आणि २०१० साली ती २०० केली गेली. ही मर्यादा शरीरात प्रवाह निर्माण होऊन नसा उत्तेजित होण्यासारख्या तात्काळ परिणामांवर बेतलेली आहे. दुसरा आकडा लोकसंख्येच्या अभ्यासांतून येतो. १९७९ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी विजेच्या तारांजवळ राहणाऱ्या मुलांमधील रक्ताच्या कर्करोगाचा प्रश्न प्रथम मांडला. पुढे २००० साली अनेक देशांच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाहून अधिक क्षेत्रात राहणाऱ्या मुलांमध्ये या आजाराचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. अशी घरे फार थोडी होती, हा आजारही मुळात विरळ आहे, आणि प्रयोगशाळेत त्यामागची कार्यप्रक्रिया सापडलेली नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली या क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हणजे २-ब गटात ठेवले. ‘बहुधा’ किंवा ‘निश्चित’ या गटांत नव्हे.

माझे मत असे की ०.९ पाहून रात्रीची झोप उडवू नये, पण ते तसेच सोडूनही देऊ नये. अभ्यासांतला ०.४ हा दीर्घकाळाच्या सरासरीचा आकडा आहे, एका संध्याकाळच्या नोंदीचा नाही. म्हणून पहाटे, दुपारी आणि रात्री अशा नोंदी आठवडाभर घ्या. आणि मुलीची खाट आजच त्या भिंतीपासून दीड-दोन मीटर दूर सरकवा. याला पैसे लागत नाहीत, आणि वायरमन येईपर्यंतचा काळ तेवढाच निवांत जाईल.

इंडक्शन शेगडीच्या बाबतीत आपला ०.२ हा दिलासा खोटा आहे. बहुतेक स्वस्त मीटर ३० ते ३०० हर्ट्झ, फार तर २००० हर्ट्झपर्यंतच पाहतात. शेगडीची गुंडाळी २० किलोहर्ट्झ आणि त्याहून वरच्या वारंवारतेवर चालते, त्यामुळे तिचे मूळ क्षेत्र आपल्या मीटरला दिसलेच नाही, ०.२ हा फक्त आतल्या पंख्याचा आणि वीजपुरवठ्याचा अंश होता. या कामासाठी १०० चौरस सेंटीमीटरची तीन अक्षांची गुंडाळी असलेला प्रोब लागतो, आणि घरगुती उपकरणांसाठीच्या आयईसी ६२२३३ या मानकात शेगडीच्या कडेपासून ३० सेंटीमीटर अंतर धरलेले आहे. अडचण अशी की आपल्याकडे बायका-माणसे ओट्याला टेकूनच उभी असतात आणि ते ३० सेंटीमीटर दहावर येतात. मोजता येत नसले तरी क्षेत्र कमी कसे ठेवावे हे ठाऊक आहे: पातेल्याचा बूड सपाट आणि वर्तुळ पूर्ण झाकणारा असावा, ते मधोमध ठेवावे, एका कपाच्या चहाचे बारके पातेले मोठ्या वर्तुळावर ठेवू नये, आणि उकळी आल्यावर मात्रा कमी करावी. वेडावाकडा बूड आणि बाजूला सरकलेले पातेले यांमुळे क्षेत्र सर्वांत जास्त बाहेर पडते. घरात कोणाला पेसमेकर असेल तर शेगडीपासून दोन फूट अंतर ठेवण्याचा सर्वसाधारण सल्ला आहे. नेमके अंतर त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

वारंवारतेची हीच गोष्ट उलट दिशेनेही फसवते. काही साध्या मीटरांतली गुंडाळी वारंवारता जितकी जास्त तितका मोठा आकडा दाखवते आणि तो दुरुस्त करण्याची सोय आत नसते. नव्या बीएलडीसी पंख्याचे नियंत्रक, दिव्याचा डिमर किंवा एलईडीचा ड्रायव्हर यांच्याजवळ असा मीटर एकदम चढतो. प्रत्यक्ष क्षेत्र तेवढे नसते.

आता राऊटर. त्याच्याजवळ मीटरवर लागणारा लाल दिवा कोणत्या पातळीला लागावा हे मीटर बनवणाऱ्याने ठरवलेले असते, आणि अनेक मीटरांत ती पातळी कोणत्याही शासकीय मर्यादेच्या कितीतरी खाली असते. आपण स्वतः हिशेब करून पाहू. राऊटर ०.१ वॅट शक्तीने सगळीकडे सारख्या लहरी सोडतो असे धरले, तर १ मीटरवर चौरस मीटरला ०.००८ वॅट आणि २ मीटरवर ०.००२ वॅट इतकी तीव्रता येते. या वारंवारतेला आंतरराष्ट्रीय मर्यादा चौरस मीटरला १० वॅट आहे. आपल्या दूरसंचार विभागाने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल मनोऱ्यांसाठी तिचा दहावा हिस्सा, म्हणजे २००० मेगाहर्ट्झच्या वर १ वॅट, अशी मर्यादा लागू केली. ती राऊटरसाठी नाही, पण तुलनेला घेतली तरी १ मीटरवरचा राऊटर तिच्या सव्वाशेव्या हिश्शावर आहे, आणि तोही अखंड लहरी सोडत राहिला तर. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळ तुटक स्पंदनेच सोडतो. राऊटर काढण्याचे कारण मला दिसत नाही. तो मुलीच्या उशालगतच्या फळीवर असेल तर बाहेरच्या खोलीत ठेवा, एवढे पुरे.

रेडिओ लहरी मोजायच्याच असतील तर काही पथ्ये पाळावी लागतात. खिशातला मोबाइल विमान-मोडवर टाका. लोक तो खिशात ठेवून घरभर मोजतात आणि स्वतःच्याच फोनची नोंद करून आणतात. मीटर अँटेनाला चिकटवू नका, कारण २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटीमीटर आहे आणि तेवढ्याच्या आत चौरस मीटरला वॅटचा आकडा अर्थहीन होतो. भिंतींवरून लहरी परावर्तित होत असल्याने एका वितीवर आकडा दुप्पट होऊ शकतो, म्हणून मीटर हळूहळू फिरवत सरासरी आणि कमाल दोन्ही लिहा. मीटरची वरची सीमा साडेतीन गिगाहर्ट्झ असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झचा वायफाय जवळजवळ दिसतच नाही, हेही ध्यानात असू द्या.

खरे पाहता घरातील माणसाला सर्वांत जास्त रेडिओ ऊर्जा मिळते ती कानाला लावलेल्या स्वतःच्या मोबाइलमधून. येथे घरगुती मीटरचा उपयोग नाही, कारण डोक्यात किती ऊर्जा शोषली जाते हे हवेत मोजून कळत नाही. त्यासाठी फोनचा शोषण-दर प्रयोगशाळेत काढतात. भारतात त्याची मर्यादा एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून किलोला १.६ वॅट आहे, आणि स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश ही बटणे दाबली की बहुतेक फोन आपला आकडा सांगतात. तो कमाल शक्तीचा आकडा असतो. सिग्नल चांगला असेल तर फोन स्वतःची शक्ती कितीतरी कमी करतो, आणि लिफ्टमध्ये, तळघरात किंवा घाटात सिग्नल क्षीण झाला की तीच वाढवतो. म्हणून मनोरा दूर नेल्याने डोक्याजवळची ऊर्जा कमी होत नाही, उलट वाढू शकते. लांब बोलणे स्पीकरवर किंवा तारेच्या इअरफोनवर करावे आणि फोन उशीखाली ठेवू नये, हे मी माझ्या घरीही सांगतो. मोबाइलच्या रेडिओ लहरीही २०११ साली त्याच २-ब गटात ठेवल्या गेल्या आहेत.

मायक्रोवेव्ह ओव्हनचा उल्लेख आपण केलेला नाही, पण पुढचा प्रश्न तोच येईल. त्याच्या गळतीची मर्यादा पृष्ठभागापासून ५ सेंटीमीटरवर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॅट आहे. ओव्हनमध्ये फोन ठेवून बाहेरून रिंग द्यायची आणि वाजला तर ओव्हन गळका समजायचा, ही पद्धत चुकीची आहे. फोनला वाजायला एका वॅटच्या अब्जाव्या हिश्शाहूनही कितीतरी कमी ऊर्जा पुरते. दरवाजाने लहरी हजारो पटींनी कमी केल्या तरी तो वाजेलच. योग्य मोजणीत आत सुमारे २७५ मिलिलिटर पाणी ठेवून, दरवाजाच्या कडेने ५ सेंटीमीटरवर योग्य प्रोब फिरवतात. रिकामा ओव्हन कधीही चालवू नये. बिजागरी ढिली झाली, दरवाजा वाकला किंवा कडेला तेलकट थर साचून तो नीट बसेनासा झाला, तर मोजत बसण्यापेक्षा दुरुस्ती करून घ्यावी. ओव्हनच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरचे ५० हर्ट्झचे क्षेत्र ३० सेंटीमीटरवर ४ ते ८ मायक्रोटेस्ला असते, आणि ते दरवाजातून नव्हे तर बाजूच्या पत्र्यातून येते, म्हणून ओव्हनला खेटून उभे राहण्याची सवय मुलांना लागू देऊ नका.

ॲपच्या ४६ चा खुलासा सोपा आहे. फोनमध्ये होकायंत्रासाठी स्थिर चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक असतो. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र महाराष्ट्रात चाळीस मायक्रोटेस्लाच्या थोडे वर आहे, आणि ॲप मुख्यतः तेच दाखवते. लोखंडी कपाटाजवळ नेले की आकडा बदलतो. ५० हर्ट्झचे बदलते क्षेत्र नीट टिपण्याइतका वेग त्यात नसतो. दोन्ही यंत्रे आपापल्या जागी बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी एकोणिसाव्या शतकापासून चालू होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ साली ती अलिबागला हलवावी लागली, आणि तेथील इमारत चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडात बांधली. परत येणारा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून भरकटला की दूरवर काय होते, हे त्या लोकांनी तेव्हाच ओळखले होते. आपल्या भिंतीतले सव्वादोन अँपिअर हे त्याच जातीचे दुखणे आहे.

विद्युत क्षेत्राच्या आकड्यांना मी घरात फारसे महत्त्व देत नाही, कारण मीटर हातात धरल्यावर आपले शरीरच ते क्षेत्र बदलते, आणि मर्यादा दर मीटर अंतराला ५००० व्होल्ट असताना घरात सहसा काही दहा व्होल्टच दिसतात. एक नोंद मात्र करा: लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर किंवा फ्रिजच्या दारावर हात फिरवताना झिणझिण्या येत असतील तर ते प्रारण नाही. दोन पिनांच्या अडॅप्टरमधून येणारा क्षीण गळती-प्रवाह लॅपटॉपवर जाणवू शकतो; फ्रिजवर जाणवला तर अर्थिंग नाही असे समजून त्याच दिवशी वायरमनला बोलवा.

आणखी एक जागा तपासा. खाटेखाली किंवा त्या भिंतीपलीकडे जुन्या पद्धतीचा जड ट्रान्सफॉर्मरचा इन्व्हर्टर आहे का? वीज गेल्यावर ६०० वॅटसाठी १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५० अँपिअर ओढले जातात आणि ट्रान्सफॉर्मरजवळ क्षेत्र चांगलेच चढते. फोनवर चिकटवायचे प्रारणरोधक स्टिकर आणि चिप यांवर मात्र पैसे घालवू नका. ते लहरी अडवत नाहीत, आणि एखादे अँटेना खरेच झाकत असेल तर फोन शक्ती वाढवूनच बोलेल.

वायरमन येईल तेव्हा त्याच्या हातात आपली यादी द्या: कोणत्या एमसीबीला आकडा पडला, दोन तारा एकत्र धरून क्लॅम्पने किती अँपिअर दाखवले, आरसीसीबी बसवलेला आहे की वगळलेला, आणि त्याचे चाचणीचे बटण दाबल्यावर तो पडतो का. दुरुस्तीनंतर त्याच स्टुलावर, त्याच वेळी, फ्रिज आणि वातानुकूलन यंत्र तसेच चालू ठेवून पुन्हा मोजा. दोष इमारतीच्या उभ्या केबलमध्ये निघाला तर सोसायटीला लेखी कळवताना त्यात प्रारणाचा आकडा नको, क्लॅम्पवरचे अँपिअर लिहा. ते दुर्लक्षित करणे कोणत्याही विद्युत कंत्राटदाराला कठीण जाते. ते आकडे मलाही कळवा, म्हणजे पुढे कोठे पाहायचे ते सांगता येईल.